दाराच्या दोन बाजू, दोन राजे, पण माणूस एकच : अखेनातेनची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता लोकलच्या गर्दीत इअरफोन घरी विसरून उभे आहेत, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढले आहेत, बाकी गप्पा त्याच.

आज आपण इजिप्तला जाणार आहोत. पिरॅमिडकडे नाही. पिरॅमिड त्या काळातही हजारेक वर्षं जुने होते. आपण जाणार आहोत लक्सरला, म्हणजे जुन्या थिब्ज शहराजवळ. नाईल नदीच्या पश्चिम काठावरच्या टेकड्यांमध्ये रामोसे नावाच्या माणसाची कबर आहे. रामोसे हा वजीर होता, राज्यात राजाखालोखाल अधिकार असलेला माणूस. कबरीच्या एका भिंतीवर एक दार आहे, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच राजाचं चित्र कोरलंय.

डावीकडे राजा सिंहासनावर बसलाय. रुंद खांदे, सपाट पोट, शांत चेहरा. इजिप्तमध्ये शेकडो वर्षं राजा जसा कोरायचे अगदी तसाच. खाली नाव पुसून दुसऱ्या कुठल्याही राजाचं लिहिलं तरी चाललं असतं.

आता उजवीकडे या. तोच राजा. पण मान लांब आणि पुढे झुकलेली, हनुवटी लोंबती, पोट सुटलेलं, पाय काटकुळे. शेजारी राणी. डोक्यावर सूर्याची गोल तबकडी, तिच्यातून खाली येणारे किरण, आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला छोटासा हाताचा पंजा!

एकच कबर, एकच भिंत, मध्ये फक्त एक दार. मग या दोन चित्रांच्या मध्ये घडलं काय? आजचा आपला विषय हाच.

आधी थोडी पार्श्वभूमी

काळ आहे इसवी सनपूर्व १३५० च्या आसपासचा. इजिप्तचं १८ वं राजघराणं. तिसरा आमेनहोतेप नावाचा राजा जवळपास ३८ वर्षं राज्य करून गेला होता. खजिन्यात सोनं होतं आणि शेजारचे राजे मैत्रीसाठी धडपडत होते. देवांमध्ये सगळ्यात मोठा देव होता आमुन. आमुन म्हणजे 'लपलेला', न दिसणारा. त्याचं मुख्य मंदिर थिब्जमधल्या कार्नाकला. मंदिर म्हणजे फक्त पूजा नव्हे बरं का. शेती, गुरं, धान्याची कोठारं, कामगार हे सगळं मंदिराच्या ताब्यात. राजाने युद्ध जिंकलं की लुटीतला मोठा हिस्सा आमुनकडे जायचा.

आणि आमुन एकटा नव्हता. मेलेल्यांचा राजा ओसायरिस होता, बाळंतिणीला जपणारी तावेरेत होती, घरातल्या पोराबाळांची राखण करणारा बुटका, जीभ बाहेर काढलेला बेस होता. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. गावाचा देव वेगळा, कुळाचा वेगळा, घराच्या उंबऱ्याचा वेगळा, आणि कुणाचं कुणाशी भांडण नाही. तशीच काहीशी रचना.

या राजाचा मुलगा गादीवर आला, चौथा आमेनहोतेप. नावाचा अर्थच 'आमुन प्रसन्न आहे' असा. आणि याच पोराने पुढे आमुनला संपवायचं ठरवलं.

सूर्य, पण माणसाचं रूप नसलेला

आता एक गैरसमज आधी दूर करू. 'आतेन' हा देव त्याने शून्यातून काढलेला नाही. आतेन म्हणजे सूर्याची तबकडी, आणि हा शब्द आधीपासून होता. त्याच्या वडिलांच्या काळातही आतेनला मान होता. नवं होतं ते हे, की आतेनच्या शेजारी दुसरा कुणी नको.

राज्याच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याने कार्नाकलाच, आमुनच्या अंगणात म्हणा ना, आतेनची मंदिरं बांधायला घेतली. पारंपरिक मंदिरात तुम्ही जसजसे आत जाल तसा अंधार वाढतो आणि शेवटी गाभाऱ्यात देवाची मूर्ती. आतेनच्या मंदिराला छप्परच नाही! उघडं आकाश, रांगेत नैवेद्याचे शेकडो ओटे, आणि देव वर. मूर्ती नाही, कारण मूर्तीची गरजच नाही. आतेनचं नाव मात्र राजाच्या नावासारखं कार्टूशमध्ये, म्हणजे त्या लांबट चौकटीत, लिहायला लागले. देवच राजा झाला.

घाई इतकी होती की मोठमोठे चिरे कापत बसायला वेळ नव्हता. म्हणून छोटे ठोकळे कापले, साधारण ५२ सेंटीमीटर लांब आणि २६ सेंटीमीटर रुंद, एका माणसाला उचलता येतील एवढे. या ठोकळ्यांना आज 'तलातात' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी तो परत येणार आहे.

छिन्नी हातात घेणाऱ्यांचं काय?

मला स्वतःला या गोष्टीत राजापेक्षा त्याचे शिल्पकार जास्त खुणावतात. विचार करा. तुमचे वडील शिल्पकार, आजोबा शिल्पकार. लहानपणापासून तुम्हाला शिकवलंय की आधी भिंतीवर चौकटींची जाळी आखायची. उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ घरांत बसवायचा. खांदा अमुक घरावर, गुडघा तमुक घरावर. चूक व्हायला जागाच नाही. आणि एके दिवशी निरोप येतो, राजा असा काढायचा नाही.

अमार्ना काळातल्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की ही जाळीच बदलली गेली. १८ ऐवजी २० घरं. वाढलेली उंची मान-चेहरा आणि धड यांच्या वाट्याला गेली, पाय त्यामानाने आखूड झाले. म्हणजे कलाकाराने मनाला येईल तसं वेडंवाकडं काढलेलं नाही. जुना नियम मोडून नवा नियम बनवला होता, आणि तोही तितक्याच शिस्तीने पाळला जात होता.

हे कुणी ठरवलं? आस्वानजवळच्या एका खडकावर याचा पुरावा आहे. मेन आणि बेक, बाप-लेक, दोघेही राजशिल्पकार. बाप तिसऱ्या आमेनहोतेपचा, लेक त्याच्या मुलाचा. बेकने आपली ओळख कोरून ठेवलीय, की राजाने स्वतः मला शिकवलं. आता यात थोडी राजाची खुशामत असेलही. पण निदान एवढं कळतं, की ही शैली राजाची आहे असंच त्या काळचे लोक समजत होते.

कार्नाकला १९२५ पासून राजाचे जे प्रचंड पुतळे सापडत गेले ते पाहून लोक चक्रावले. लांबलचक चेहरा, बारीक डोळे, जाड ओठ, बाईसारखी रुंद कंबर. मग डॉक्टर मंडळी पुढे आली. याला हा आजार असेल, तो सिंड्रोम असेल! गंमत म्हणजे या काळात राणी, मुली आणि दरबारातले अधिकारीसुद्धा असेच कोरलेत. अख्ख्या दरबाराला एकच आजार कसा होईल? म्हणून आज बरेच अभ्यासक म्हणतात की हे शरीराचं नाही, विचाराचं चित्र आहे. आतेन सगळ्यांचा जन्मदाता, त्यात आई आणि बाप दोन्ही आले. मग त्याच्या मुलाच्या, म्हणजे राजाच्या शरीरातही दोन्ही दिसायला हवं.

नवं नाव, नवं शहर

राज्याच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास राजाने नाव बदललं. आमेनहोतेप गेलं, अखेनातेन आलं. आणि थिब्ज सोडलं. उत्तरेला सुमारे ४०० किलोमीटरवर, नाईलच्या पूर्व काठी, डोंगरांनी वेढलेला एक मोकळा पट्टा त्याने निवडला. नाव ठेवलं आखेतातेन, 'आतेनचं क्षितिज'. आज त्याला अमार्ना म्हणतात. चहूबाजूंच्या कड्यांवर सीमा दाखवणारे शिलालेख कोरले. त्यात तो सांगतो की ही जागा आधी कुठल्याही देवाची किंवा देवीची नव्हती. आणि मी दुसरीकडे कुठे मेलो तरी मला इथेच आणून पुरा.

काही वर्षांत रिकाम्या वाळूवर शहर उभं राहिलं. मंदिरं, महाल, कचेऱ्या, विहिरी, २० ते ५० हजार लोकवस्तीचं शहर असा अभ्यासकांचा अंदाज.

इथली राजघराण्याची चित्रं आजच्या फॅमिली फोटोसारखी वाटतात. बर्लिनमध्ये एक छोटी शिळा आहे. अखेनातेन आणि नेफरतिती समोरासमोर बसलेत, तीन मुली अंगाखांद्यावर. बाप एकीचा मुका घेतोय, एक आईच्या मांडीवर, तिसरी आईच्या खांद्यावर चढून मुकुटाच्या लोंबत्या दागिन्याशी खेळतेय. इजिप्तच्या कलेत राजा असा कधी दिसलाच नव्हता.

पाहून 'किती गोड!' असं वाटतं ना? पण थांबा. ही शिळा भिंतीवर शोभेला लावायची नव्हती. अशा शिळा मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरात देव्हाऱ्यासारख्या असायच्या. वर आतेन, त्याचे किरणांचे हात राजा-राणीच्या नाकाशी जीवनाचं चिन्ह धरतात. बाकी कुणाच्या नाकाशी नाही! म्हणजे देव थेट तुमच्याशी बोलत नाही. तो बोलतो राजाशी, आणि तुम्ही राजाच्या कुटुंबाची पूजा करायची. पूर्वी लोकांकडे कितीतरी देव होते. आता एकच, आणि त्याच्यापर्यंत जायचं दार राजाच्या घरातून.

आणि मग पुसापुशी

नवीन देव आणणं वेगळं आणि जुना मारणं वेगळं. अखेनातेनने दुसरंही केलं. देशभर माणसं पाठवून आमुनचं नाव छिन्नीने खरवडून काढलं. मंदिरांच्या भिंती, कबरी, उंच ओबेलिस्कची टोकंसुद्धा सोडली नाहीत. काही ठिकाणी 'देव' या शब्दाचं अनेकवचनही खोडलं. आणि वडिलांच्या नावात आमुन आहे म्हणून सख्ख्या बापाच्या नावातली ती अक्षरंही.

इजिप्शियन माणसासाठी नाव म्हणजे नुसती अक्षरं नाहीत. नाव राहिलं तर मेल्यानंतरही तुम्ही राहता. नाव गेलं की तुम्ही गेलात. त्यामुळे ही फक्त तोडफोड नव्हती.

मग सामान्य माणसाने काय केलं? इथे उत्खननाने मस्त उत्तर दिलंय. अमार्नातच, म्हणजे राजाच्या नाकाखाली, घरांमध्ये बेस आणि तावेरेतचे ताईत सापडले. ते बनवण्याचे साचेही! बाईचं बाळंतपण जवळ आलं की ती आकाशातल्या तबकडीकडे बघत बसली नाही. तिने आजीचीच देवी जवळ ठेवली.

शहर बांधलं कुणी?

माझ्या मते या कथेचं सगळ्यात महत्त्वाचं पान २००६ नंतर उघडलं. बॅरी केम्प यांच्या अमार्ना प्रकल्पाने शहराजवळच्या साध्या लोकांच्या कबरस्तानाचं उत्खनन सुरू केलं. चटईत गुंडाळलेली प्रेतं, वाळूत खड्डा, बस्स. हाडांनी जे सांगितलं ते भिंतीवरच्या चित्रांच्या अगदी उलट होतं. मुलांची वाढ खुंटलेली, कुपोषणाच्या खुणा, मोठ्यांच्या पाठीच्या कण्याला आणि सांध्यांना जड कामाच्या इजा. पुढे उत्तरेकडच्या आणखी एका कबरस्तानात तर पुरलेल्यांपैकी बहुतेक जण ७ ते २५ वयाचे निघाले. ज्या वयात हाडं मजबूत असायची, त्या वयाची ही माणसं.

आता ते चित्र पुन्हा आठवा. मंदिरात शेकडो ओटे, त्यावर रचलेला मांस, भाकरी, फळांचा नैवेद्य. आणि काही किलोमीटरवर ज्यांनी ते ओटे बांधले त्यांची उपाशी पोरं. दक्षिणेकडच्या त्या गरिबांच्या थडग्यांत आतेनचं नामोनिशाण नाही. देवाचे हात तिथवर पोचले नाहीत.

उन्हात उभे दूत, आणि एक ओळखीची खूण

१८८७ मध्ये अमार्नाच्या ढिगाऱ्यात स्थानिक लोकांना मातीच्या पाट्या सापडल्या. आज अशा सुमारे ३८० पाट्या माहीत आहेत. क्यूनिफॉर्म लिपीत लिहिलेली ही इजिप्तच्या राजांची परराष्ट्र खात्याची डाक! असीरियाचा राजा चिडून विचारतो, माझ्या दूतांना उन्हात का उभं करता, ते मरतील ना! सूर्यपूजक राजाच्या दरबारात सावली मिळणं बहुतेक अवघडच होतं.

यातलं एक नाव आपल्या कानाला जवळचं वाटेल. मितान्नीचा राजा तुश्रत्त. हे राज्य आजच्या उत्तर सीरिया-इराकच्या भागात होतं. अभ्यासक या नावाचा संबंध संस्कृतातल्या 'त्वेषरथ' या शब्दाशी जोडतात. आणि ही नुसती नावापुरती गंमत नाही. याच शतकात मितान्नी आणि हित्ती यांच्यात झालेल्या तहात साक्षीला बोलावलेल्या देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. हो, आपल्या वेदांतलेच.

या तुश्रत्तची मुलगी इजिप्तच्या राजघराण्यात दिली होती. त्याची तक्रार काय? तुझ्या वडिलांनी मला भरीव सोन्याचे पुतळे कबूल केले होते, आणि तू लाकडाचे, वर सोन्याचा मुलामा दिलेले पाठवलेस! सोयरिकीतलं देणंघेणं तेव्हाही असंच चालायचं.

मग सगळं उलटलं

१७ वर्षं राज्य करून अखेनातेन गेला. नंतरची काही वर्षं गोंधळाची. मग आठ-नऊ वर्षांचं एक पोर गादीवर बसवलं गेलं. त्याचं नाव तुतनखातेन. काही वर्षांत नाव बदललं, तुतनखामुन. हो, तोच तो, ज्याची कबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला सापडली.

त्याच्या नावाने कोरलेला एक शिलालेख सांगतो की देशभरची मंदिरं ओस पडली होती, गवत माजलं होतं, देवाला हाक मारली तर देव येत नव्हता. आता सगळं पूर्ववत करू. जुनी मंदिरं उघडली, आमुन परत आला.

पण हात इतक्या लवकर बदलत नाहीत. तुतनखामुनच्या कबरीतलं सोन्याचं सिंहासन बघा. पाठीवर राजा निवांत बसलाय, राणी त्याच्या अंगाला हात लावतेय, आणि वर चक्क आतेन, किरणांच्या हातांसकट! देव बदलला होता, पण कारागीर ज्या शाळेत घडला ती शाळा त्याच्या बोटांत होती.

अमार्ना रिकामं झालं. थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेत त्याने बरीच कामं तशीच सोडली. ज्या राणीचं नाव घेणं धोक्याचं झालं, तिचे नमुने घेऊन जाणार कुठे? ६ डिसेंबर १९१२ रोजी लुडविग बोरखार्ट यांच्या जर्मन पथकाला तिथे नेफरतितीचा रंगीत अर्धपुतळा मिळाला. चुनखडीचा गाभा, वर प्लास्टर, एका डोळ्यात बुबुळच नाही. आज तो बर्लिनमध्ये आहे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चेहऱ्यांपैकी एक आपल्याला मिळाला, कारण तो टाकून दिला होता.

पुढे होरेमहेब नावाचा सेनापती राजा झाला. आतेनची मंदिरं पाडली गेली. आता अखेनातेनचं नाव खरवडायची पाळी आली. अबायडोसच्या मंदिरात पहिल्या सेतीने पूर्वीच्या राजांची यादी कोरली, ती तिसऱ्या आमेनहोतेपवरून थेट होरेमहेबवर उडी मारते. मधले सगळे गायब, बिचारा तुतनखामुनसुद्धा. पुढे एका खटल्याच्या नोंदीत अखेनातेनचा उल्लेख नाव न घेता 'आखेतातेनचा तो शत्रू' असा केलाय.

ते ठोकळे आठवतात?

तलातात! मंदिर पाडल्यावर एवढे ठोकळे टाकायचे कुठे? होरेमहेबने कार्नाकला आमुनसाठी प्रचंड दरवाजे बांधले आणि त्यांच्या पोटात हे ठोकळे भर म्हणून कोंबले. आतेनची चित्रं आमुनच्या दाराच्या आत, अंधारात, ऊन-वाऱ्यापासून सुरक्षित. तीन हजार वर्षांनी ते दरवाजे दुरुस्तीसाठी उघडले तेव्हा हजारो चित्रित ठोकळे बाहेर आले, काहींवर रंगही शाबूत. १९६६ मध्ये त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरच्या मदतीने ही कोडी जुळवायचा प्रकल्प सुरू झाला. तो काळ बघता ही मोठीच गोष्ट. उभी राहिली असती तर ती मंदिरं केव्हाच झिजून गेली असती. पुसायला निघालेल्यांनीच जपून ठेवली.

काही लोक अखेनातेनला जगातला पहिला एकेश्वरवादी म्हणून डोक्यावर घेतात, काही त्याला वेडा हुकूमशहा म्हणतात. मला वाटतं दोन्ही बाजू फक्त राजाकडेच बघतात. मी मात्र पुन्हा रामोसेच्या कबरीतल्या त्या दारापाशी जातो. ती भिंत कोरणाऱ्यांना आज हा नियम मिळाला, उद्या तो. त्यांनी दोन्ही तितक्याच नीट कोरले. नंतर कुणीतरी येऊन नावं खरवडली, तेही कुणाचं तरी रोजचं कामच असणार. वरचे देव बदलत राहिले, आणि बिल मात्र दर वेळी खालच्यांच्या पाठीवर फाटलं. त्या कबरस्तानातल्या १२-१५ वर्षांच्या पोरांना आतेन हवा होता की आमुन, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

पुढच्या वेळी म्युझियममध्ये किंवा फोनच्या स्क्रीनवर नेफरतितीचा तो चेहरा दिसला, तर जरूर थांबून बघा. सुंदर आहेच. फक्त तिच्या मागे ते वाळूतले खड्डेही आठवा.

आज इथेच थांबूया. भाग आवडला असेल तर इतिहास म्हणजे फक्त सनावळ्या असं म्हणणाऱ्या एका तरी मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!